वीस सेंटिमीटरच्या आत

म्हापशाच्या बाजारात, केळीवाल्यांच्या ओळीमागे
चाळीस वर्षं मी रेडिओ उघडले.
आता भाचीनं हे हातात दिलंय:
बिस्किटाएवढी निळी पाटी,
हिच्यावर दुसरी बसते, दुसरीवर तिसरी,
जेवणाच्या डब्यासारखी.
खाली बॅटरी, मधे मेंदू, वर कान.
"डाख द्यायचा नाही, मामा," प्रचिती म्हणाली,
"नुसतं दाबून बसव."
कथलाचा वास नसलेलं यंत्र
मला जरा सोवळंच वाटलं.

दोन दिवस ते मुकं.
कॉम्प्युटर ओळखच देईना.
तिसऱ्या दिवशी कळलं, केबल नुसती चार्जिंगची:
आत दोनच तारा, पोट भरणाऱ्या.
बोलायच्या दोन नव्हत्याच.
अशी घरं मी पाहिली आहेत.

नवी केबल आणली, तर पडद्यावर कचरा,
चौकोन, फुल्या, उलटी प्रश्नचिन्हं.
मी हसलो. हे ओळखीचं होतं,
स्टेशन जरा सरकलेलं.
वेग जुळवला आणि ते स्वच्छ बोललं:
तयार.

पण दिवा उलट्या काळजाचा.
लाग म्हटलं की विझे, विझ म्हटलं की लागे.
रात्री अकराला भाचीला फोन.
"तो तसाच असतो, मामा. शून्य म्हणजे चालू."
शून्य म्हणजे चालू.
वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

मग फेरीबोटीनं चोडणला, इनासकडे.
खाजनाच्या बांधावरची मानस तो सांभाळतो.
भरतीला दार आपणहून लागतं,
पण एखादं लाकूड अडकलं की
खारं पाणी भातात.
म्हणून हा रात्रीबेरात्री उठतो, दुखरा गुडघा घेऊन.
"नीज आता," मी म्हटलं, "पाणीच फोन करील."
फळीच्या पोटाशी, आइस्क्रीमच्या डब्यात
मी तो कान बसवला, पाण्याकडे तोंड करून.
इनास बघत राहिला. बरं म्हणाला नाही, नको म्हणाला नाही.

एकशे चार. एकशे सहा. एकशे नऊ.
म्हापशात उशाशी पाणी उतरत होतं.
आणि रात्री दोनला: अकरा.
मी अंथरुणात उठून बसलो.
अकरा म्हणजे पाणी फळीला टेकलं!
मग नऊ. मग तेरा.
तीनला पुन्हा एकशे अठरा,
जसं काही झालंच नाही.
पाणी असं वागत नाही.

चार रात्री हेच.
दंव म्हटलं, खेकडा म्हटलं,
सेन्सर बदलला, तारांना शिव्या दिल्या.
पाचव्या रात्री शेवटच्या फेरीनं गेलो
आणि बांधाच्या वळणावर, केगदीआड थांबलो.

फळीवर इनास बसला होता, पाय खाली सोडून,
डब्याच्या अगदी तोंडासमोर, हळूहळू हलवत.
शेजारी त्याची टोपी,
बाजारात बाकावर जागा धरून ठेवावी तशी.
तो बोलत होता, कोंकणीत, दबक्या आवाजात,
मधे थांबत होता,
उत्तराला लागेल तेवढाच.
फिलू जाऊन दोन पावसाळे झालेत.

मी हाक मारली नाही.
धक्क्यावर डास मारत पहाटेच्या फेरीची वाट पाहिली,
दुकान उघडलं,
आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढवली:
अंतर वीसच्या आत आलं
तर मोजू नये.
हवेतूनच पाठवली, खाडीपलीकडे.

आता दोन ते तीनच्या रकान्यात
रोज मोकळी जागा येते.
प्रचिती म्हणते, मामा, तुझा डेटा गळतोय.
मी म्हणतो, गळू दे.
बाकी पाण्याचा हिशेब बरोबर आहे.