खाल्लं मीठ

हातोडी हळू मार, तो म्हणतो,
विचारल्यासारखी.
चांगलं लोखंड खणकन उत्तर देतं.
सडलेलं बद्द म्हणतं,
आणि गप्प होतं.

मी ट्रकखाली, पुठ्ठ्यावर, पाठ टेकून.
रोझेर उपड्या बादलीवर बसलेला,
उजवा हात मांडीवर ठेवलाय,
कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा.
झटका आला तेव्हा बटाटे अजून जमिनीत होते.
ते काढायला या हाताची वाट पाहिली नाही कुणी.

खणकन. खणकन. बद्द.
मागच्या स्प्रिंगच्या कडीजवळ.
पुन्हा मारते, तर पोपडा सुटतो तळव्याएवढा,
पापुद्र्यावर पापुद्रा,
गॉगलवर तपकिरी पीठ भुरभुरतं.
बोट टेकवलं तर बोट आत गेलं.
बोटाचं मी सांगत नाही.
"किती गेलंय?"
"वीतभर."
"तुझी वीत, की माझी?"
"माझी."

आमच्याकडे नोव्हेंबर ते एप्रिल
रस्त्यावर मीठ पडतं.
नदीपलीकडे दुसरा देश, तिथेही तेच मीठ.
तीस हिवाळे या चॅसीने ते खाल्लं.
खाल्ल्या मिठाला जागतात म्हणे माणसं;
लोखंड नाही जागत.
ते पेंगत जातं, आतल्या आत,
वरचा काळा रंग तसाच ठेवून.

मार्चमध्ये तपासणीला नेला
तेव्हा ओनेझिमच्या पोराने खालून स्क्रू ड्रायव्हर टोचला.
काचेवरचा स्टिकर खरवडताना
माझ्याकडे न बघता म्हणाला,
भंगारात द्या, मादाम, तीनशे येतील.
मी ट्रक घरी आणला,
वीस मैल, दुसऱ्या गिअरमध्ये.

बॅटरीची तार काढलीस? काढली.
पेट्रोलची नळी? ओलं फडकं गुंडाळलंय.
मग काप. चांगलं लागेपर्यंत काप,
आणि त्यापुढे आणखी बोटभर.

ग्राइंडर किंचाळतो, ठिणग्या बाहीत शिरतात,
आणि आतल्या अंगाला
एक पट्टी दिसते, मी कधी न पाहिलेली.
कडेने वेल्डिंगचे गोळे, कोंबडी बसून गेल्यासारखे.

"हे कुठल्या गाढवाने केलंय?"

बादली करकरते.
"व्हिविएनच्या लग्नाच्या आदल्या रात्री," तो म्हणतो,
"विजेरी दातात धरून."

एकोणीस वर्षं.
दुसऱ्या दिवशी याच ट्रकमधून चर्चला गेलो सगळे,
मागे माझी आई, खुर्चीवर, टोपी धरून.
ठणठणीत आहे, म्हणाला होतास.
"खरं सांगितलं असतं तर चालत गेली असतीस.
उंच टाचांवर."

पट्टी मात्र शाबूत आहे.
भोवतालचं सगळं गेलंय,
गाव उठून गेल्यावर उंबरठा उरतो तशी ती
कशालाच न धरता तिथे आहे.
काढ ती, तो म्हणतो. मी काढते.
डाव्या हाताने घेतो, उजव्यात ठेवतो,
आणि एकेक बोट तिच्यावर मिटवतो.

नव्या पट्टीच्या कडा सरळ उभ्या नकोत, म्हणतो,
उभा टाका भेगेला वाट दाखवतो.
तिरक्या काप, पतंगासारख्या, ताण वाटला जाऊ दे.
इंचभर इथे, इंचभर तिथे, मध्ये थांब,
लोखंडालाही श्वास घेऊ दे.
ठिणग्या बघू नकोस, डबकं बघ.
मी काळ्या काचेतून डबकं बघते:
तांबूस, थरथरतं, कडेला धरू पाहणारं.
मान आखडते. शिव्या देते. तो आवाज करत नाही.

अंधार पडता पडता हातोडी मारून पाहते.
खण्ण.
जरा नाकातलं, पण बोलतं.

"तुझे टाके वाकडे आहेत."
"तुझ्यापेक्षा बरे."
तो मान हलवतो. यावरून आमचं भांडण होणार नाही.

हात पुसते, पट्टीला आतून मेण मारते,
आणि पुठ्ठ्यावरून सरकत बाहेर येते.
रस्त्याच्या कडेला अजून पांढरं आहे,
मे महिना असून.
"वीत तुझी होती," मी म्हणते, "माझी नव्हे."

"माहीत आहे," तो म्हणतो.
"मी बद्द ऐकलं होतं."