उटी लावणारा

रीगाच्या विमानतळामागे, पाइनचं रान संपतं तिथे
जाळीला एक भोक आहे, मुठीएवढं.
मी पाडलेलं नाही.
थोडं वाढवलं, खोटं कशाला बोलू.
एकवीस वर्षं त्यातून लेन्स आत जाते
आणि मी बाहेर उभा.

बावीस नंबरची बस, थर्मास, काळा पाव,
आणि वही : तारीख, वेळ, शेपटीवरचा नंबर.
निवृत्त वायरमन आणखी काय करणार?
हिरवी शेपटी आली, लिहिली.
निळी आली, लिहिली.
गेल्या हिवाळ्यात वाटलं,
आपण विमानं बघतच नाही,
हजेरी घेतो.

मग झेल्माबाईंनी दार वाजवलं.
नवरा जाऊन वर्ष झालेलं. फ्रीज साफ करताना
काकडीच्या लोणच्यामागे चार रोल निघाले,
कृष्णधवल, मुदत संपलेले.
"विस्वाल्दिस, तुम्ही फोटो काढता ना?
की टाकून देऊ?"
माणसामागे उरलेल्या प्रत्येक वस्तूला
हाच एक प्रश्न विचारायचा असतो.
मी म्हटलं, द्या.

छत्तीस फोटो, मोजून. बाहेर उणे अकरा.
पहिले दहा सवयीने उडवले.
न्हाणीघरात, तांबड्या दिव्याखाली
कागद ट्रेमध्ये हलवत बसलो
तर हिरवी शेपटी कुठली, निळी कुठली, कळेना.
दोघी राखाडी. सख्ख्या बहिणी.
मला हसूच फुटलं.

मग दिसायला लागलं ते दुसरंच.
इंजिनाच्या कडेवर धरलेली काजळी.
पोटाखाली ठिगळ, त्याला रिव्हेटांची टिप,
शिंप्याने घालावी तशी नेटकी.
बर्फ वितळवायचं ते भडक नारिंगी पाणी,
रंगात बघवत नाही,
इथे नुसती वाफ :
विमान अंघोळ करून
अंग न पुसताच बाहेर आलेलं.
ओल्या काँक्रीटमध्ये आभाळ, वर पुन्हा तेच,
मधली रेघ मारायची राहून गेलेली.

आणि सतराव्या फोटोत तो.
पुढच्या चाकापाशी एक गुडघा टेकून
चाकाखालची उटी ओढून काढणारा.
डाव्या हाताने.

रंगात तो म्हणजे एक पिवळं जाकीट होता.
लांबून दिसावा म्हणून दिलेला रंग,
त्याच रंगाने झाकलेला.
जाकीट विझलं आणि चेहरा वर आला,
ट्रेमधल्या पाण्यातून, हळूहळू,
आधी भुवया.

त्या रात्री माळ्यावरची खोकी काढली.
एकवीस वर्षांची विमानं जमिनीवर पसरली
आणि विमानं सोडून कोपरे बघत गेलो.
होता.
२००४ मध्ये टोपीतून केस बाहेर, मिसरूड नाही.
पुढे पोट. एका फेब्रुवारीत हाताला पट्टी.
२०१६ भर कुठेच नाही.
आजारी? की आमची निम्मी पोरं गेली तसा
आयर्लंडला, अळंबी तोडायला?
२०१७ च्या मे महिन्यात परत, त्याच चाकापाशी,
कानशिलं पांढरी.
एवढं मला माझ्या मुलाचंही सांगता येणार नाही.
(त्याचे फोटो कमी आहेत. तो उडत नव्हता.)

वही उघडली. तारीख घातली, वेळ घातली.
नंबराच्या रकान्यात पेन अडलं.
शेवटी लिहिलं : उटीवाला. डावखुरा. परत आलेला.

काल एक प्रत घडी न पडता नेली,
कोटाच्या आत, छातीशी.
देणार कशी, मध्ये जाळी, दोनशे मीटर, पहारा.
तो उठला, उटी काखेत मारली,
वैमानिकाला हात केला : जा.
मीही हात वर केला.
मला नव्हताच तो, माहीत आहे.

रोलमध्ये दोन फोटो उरलेत.
बोटं गारठली म्हणून नाही,
असेच राहू दिले आहेत.