दमट रॉड

मे महिन्यात चार पेट्या आल्या
आणि त्यांच्यासाठी एक खोली, कुलर लावलेली.
चार हेल्मेटं निघाली, चार टॉर्च, बिनतारेचे,
आणि टाय लावलेला एक माणूस.
म्हणाला, आता धूर नाही, चटका नाही, मालाचा खर्च नाही.
बाहेर पारा सेहेचाळीस.
वर्कशॉपच्या पत्र्यावर कबूतरही टेकत नव्हतं.

सव्वीस वर्षं नागपूरच्या आयटीआयत वेल्डिंग शिकवतो मी.
माझ्या वेळी दिवसाला तीन रॉड मिळायचे.
तीन. मोजून, सही घेऊन.
पहिला चिकटायचा, दुसरा भरकटायचा,
तिसऱ्याला हात बसतो न बसतो
तोच घंटा.

आचल नेवारे, वाडीची, अख्ख्या ट्रेडमध्ये एकटी मुलगी.
तिनं एका आठवड्यात चारशे सांधे जोडले,
नसलेलं लोखंड नसलेल्या लोखंडाला.
कोन बरोबर, वेग बरोबर, अंतर बरोबर,
पडद्यावर हिरवी रेघ,
गुण चौऱ्याण्णव.

"सर, तुमी बी घालून पाहा न एकडाव."
घातलं.
आत एक वर्कशॉप होतं, इतकं स्वच्छ
की चपला काढाव्याशा वाटल्या.
फरशीवर ठिणगीचा डाग नाही,
खडूनं लिहून कोणी अर्धवट पुसलेलं नाव नाही.
मला एकसष्ट.
पोरं हसली नाहीत,
ते जास्त लागलं.

मग एका सोमवारी तिला खऱ्या टेबलाशी उभं केलं.
खोटं कशाला बोलू, मनात काळं होतं.
चिकटेल, म्हटलं.
चिकटला.
ठिणगी बाहीत शिरली, ती दोन हात मागं,
"अरे बापा, हे तं चावते!"
पण पुन्हा काच खाली ओढली तिनं,
आणि मी माझ्या काळ्या काचेतून पाहिलं:
मनगट आपोआप वळत होतं,
चारशेदा वळलेलं मनगट.
खवल्यावर खवला, रोहू माशाच्या पाठीसारखी रेघ.
मला तिथवर यायला दोन वर्षं लागली होती
आणि एका बोटाचं नख.

चौथा रॉड मात्र थुंकायला लागला.
रेघेला भोकं.
"माह्यं काय चुकलं सर? कोन तं बरोबर होता."
ऐक, म्हटलं.
चांगला आर्क आलूबोंड्यासारखा तळतो, एका सुरात.
हा तडतडून राहिला, उडून राहिला.
रॉड दमट आहे.
"मशीनमंदी तं रॉड दमट नसते."
नसतो.
पाकीट रात्रभर त्या कुलरच्या खोलीत पडलं होतं,
हेल्मेटांना गारवा हवा म्हणून
चालू ठेवलेल्या कुलरपुढं.

आम्ही दोघांनी ते रॉड पत्र्यावर उन्हात मांडले,
कुरड्या वाळत घालाव्या तसे,
आणि दाराच्या सावलीत उभे राहिलो.
ती बाहीचं भोक हुंगत होती.
फाईलमध्ये काय लिहू, म्हणाली.
मी म्हटलं, आवाज कसा लिहिणार, पाहा.

आता ती सकाळी टेबलाशी असते, दुपारी हेल्मेटात.
बिनतारेचा टॉर्च उचलताना
आधी कानाशी हलवून पाहते. सवयीनं.

आणि मी, सहा वाजले की,
झाडूवाल्या बाई गेल्या की,
कुलरच्या खोलीची किल्ली घेतो.
पाकिटं बाहेर ठेवून दार लावतो.
काल अडुसष्ट.