अठरा अंश

बाहेर सेहेचाळीस.
मेडिकल चौकात डांबर चपलेला चिकटतं,
ऑटोवाल्यांनी डोळे तेवढे उघडे ठेवून
बाकी तोंड दुपट्ट्यात बांधलंय.
आत मी अकरा दिवसांच्या एका जिवाला
थंड करत नेते आहे.
चौतीस, अठ्ठावीस, बावीस.

फाइलवर नाव नाही. झनका उईके यांचं बाळ,
मुक्काम देवलापार, वजन दोन किलो आठशे.
अख्ख्या अंगात रक्त पाव लिटर,
माझ्या नळ्यांनाच त्याहून जास्त लागतं;
म्हणून सकाळी रक्तपेढीतून
कुणा अनोळख्याची एक पिशवी आणलेली.

फुफ्फुसांतून निघालेल्या चारही शिरा
हृदयाच्या पाठीमागे येऊन थांबल्यात,
भिंतीला टेकल्यात अगदी,
आणि दार नाही.
मग सगळ्या मिळून खाली वळल्या,
पडदा ओलांडून यकृताकडे गेल्या.
एवढंसं पोट्टं, श्वास घेत घेत निळं पडलं.

"अठरा," मी म्हणते.
मुलमुले मॅडम मान हलवतात.
मी पंप थांबवते.

नवऱ्यालाही हे कधी नीट सांगता आलं नाही,
की पंपाचा आवाज गेल्यावर
खोलीत जे उरतं
त्याला शांतता म्हणवत नाही.
मॉनिटरवर सरळ रेघ. कोणी घाबरत नाही.
मॅडम हृदयाच्या मागच्या भिंतीला चीर देतात,
शिरा जिथे एकत्र येतात तिथेही तेवढीच,
आणि दोन्ही चिरा एकमेकींना शिवत जातात
केसाहून बारीक दोऱ्यानं.
खालची वाट बांधून टाकतात.
मी फक्त मिनिटं म्हणते. दहा. वीस.
अठ्ठावीस म्हणताना माझाच आवाज मला परका.
एकतिसाव्याला: "चालू कर."

ऊब घाईनं देता येत नाही.
तीस. तेहेतीस. छत्तीस.
हृदय एकदा अडखळलं,
दुसऱ्यांदा अडखळलं,
मग आमच्याकडे दुर्लक्ष करून चालू लागलं.
जोड पुढे आकसू शकतो, दोन-तीन महिन्यांत.
ते मॅडम सांगतील.

व्हरांड्यात बाप उभा. कुणीतरी सांगितलं असावं
की मशीनवाली ती हीच.
"ताई, लय थंड करते म्हंते आत.
वाजली असंन न त्याले?"
नाही, म्हटलं, झोपेत होतं. परत ऊब दिली.
त्यानं गळ्यातला दुपट्टा काढला,
घामानं ओला, दोनदा झटकला, घडी घातली.
"हा टाकसान काय त्याच्यावर?"

आत बाहेरचं काही नेता येत नाही.
शंभर जणांना सांगितलंय मी हे, न अडखळता.
संध्याकाळचे सहा, पार्किंगमध्ये अजून झळा,
दुपट्टा माझ्या हातात.