दहातले दोन

सोमवारी उद्यमनगर बंद.
त्या दिवशी हुसेन मिस्त्री लक्ष्मीपुरीत येतात,
सायकल माझ्या फळीला टेकवतात, कुलूप लावत नाहीत,
आणि चिरूट मागतात.
एकच.

मी तो कागदात गुंडाळत नाही.
त्यांना आधी कानाशी धरायचा असतो,
दोन बोटांत हळू फिरवायचा.
चुरचुरला तर वाळलाय,
गप्प राहिला तर सर्दावलाय,
आणि नव्या वहाणेसारखा
एकदाच करकरला, तर बरा.

मी जन्मात ओढलेला नाही.
बापूंच्या मागं बावीस वर्षं दुकान बघते.
जिभेनं मला काही सांगता येत नाही,
बोटांना कळतं.
आत पूर्वी लांब सलग पान असायचं,
आता चुरा, झाडून भरल्यासारखा.
वरच्या पानावर ओलं बोट फिरवलं
की बोटाला रंग लागतो.
गिऱ्हाईक बघत नसताना
मी ते पदराला पुसते.

मिस्त्री पॅटर्नवाले.
इंजिनाचं हेड आधी त्यांच्या लाकडात व्हायचं,
मग वाळूत, मग बिडात.
त्यामुळं चिरुटाची गोष्ट ते डब्यापासून सुरू करतात.
"पयला डबा देवदारी व्हता, पोरी. चुका पितळंच्या.
मग प्लाय आला.
मग पुठ्ठा, वर लाकडाचं चित्र.
आगं, चित्रच द्यायचं तर
जाळाचंबी चित्र द्या की! काडी तरी वाचंल."
आणि नवा प्लास्टिकचा डबा ते टिचकीनं वाजवतात,
डॉक्टरनं पोट वाजवावं तसा,
आणि मान हलवतात.

गल्ल्याचा खण त्यांनीच केलेला,
तीन रिकाम्या डब्यांच्या फळ्या जोडून.
बापूंनी मजुरी विचारली तर म्हणाले, चौथा डबा द्या.
सुट्टे पैसे द्यायला खण ओढला
की अजून थोडा वास येतो.
थोडाच.

दिवाळीआधी माळा झाडताना
एक जुना डबा सापडला. देवदारी. पितळी चुका.
आत अकरा. जपून ठेवला,
सोमवारी त्यांच्यापुढं उघडला.
त्यांनी एक उचलला, कानाशी नेला,
आणि त्यातून बारीक पीठ खांद्यावर सांडलं.
अकराही चिरुटांना किड्यांनी भोकं पाडलेली,
बासरीच्या भोकांसारखी, पण ओळीत नाहीत.

मला वाटलं, आता हा माणूस खचणार.
ते हसले. फुंकर मारून डबा साफ केला,
झाकण नाकाशी नेलं, तसेच थांबले जरा वेळ.
मग म्हणाले,
"एक सांगू? तवाबी दहातलं दोन खोटं निघायचं.
वढायचंच न्हाईत, मधी गाठ आसायची.
तुजा बा परत घ्यायचा.
आर्धा जळल्याला आसला तरी.
तोंडातनं शब्द न्हाई,
खण वढायचा, दुसरा द्यायचा."

मला हे माहीत नव्हतं.
माझ्या फळीमागं पाटी आहे,
विकलेला माल परत घेतला जाणार नाही.
अक्षर माझंच. रंगही मीच आणलेला.

त्यावर मी काही बोलले नाही.
डबा त्यांनी सायकलच्या कॅरिअरला बांधला, गेले.
पाटी तिथंच आहे. काढायची म्हणते,
पण तिच्यामागचा ओल्या भिंतीचा डाग
दिसेल, म्हणून राहिलंय.

कालच्या सोमवारी त्यांनी
एक अर्धवट जळालेला चिरूट काउंटरवर ठेवला.
वर पाहिलं नाही.
राख काळी, वाकडी, एका बाजूनं पोखरलेली.
मी पाटीकडं पाठ केली,
खण ओढला,
दुसरा दिला.

त्यांनी तो कानाशी धरला.
बाहेर रिक्षावाला कुणावर तरी ओरडत होता,
समोर शटर वर जात होतं.
"करकरला का?" मी विचारलं.
"थांब," म्हणाले, "ऐकू दे."