वर्गणी

मगदूम आण्णा,
शोकसभेचं पत्रक लिहायचं माझ्यावर आलंय.
'झुंजार, लढाऊ, कष्टकऱ्यांचा कैवारी'
एवढं लिहिलं आणि हात थांबला.

उद्यमनगरात, फौंड्रीच्या पाठीमागं
तुमच्या खोलीला जळक्या वाळूचा वास असायचा.
माझं पहिलं पत्रक तुम्ही
सुतारी पेन्सिलीनं तासून काढलंत.
"ज्वलंत कशाला? काय पेटलंय?
ओव्हरटाईमचं किती बुडवलं, त्यो आकडा घाल.
विशेषणं भाकरीसंगं खाता येत न्हाईत, लेका."

पॅटर्नमेकर तुम्ही.
लाकडात सूतभर चूक राहिली
की लोखंडात ती कायमची, म्हणायचात.

मग मी भांडलो. बिंदू चौकात, चारचौघांत
तुम्हाला थकलेला म्हणालो,
आणखीही काही म्हणालो.
तुम्ही घड्याळ बघितलंत फक्त.
दुसऱ्या पाळीच्या गेटसभेला उशीर होत होता.

अकरा वर्षं मी तिकडं फिरकलो नाही.

काल तुमच्या सुशीमतीनं ट्रंक उघडली.
दोन बंड्या, चष्म्याचं घर,
सुतळीनं बांधलेली पावतीपुस्तकं.
दर मार्चला एक पावती,
सभासद वर्गणी, रुपये बारा.
नाव माझं.
अक्षर तुमचं.

एकशे बत्तीस रुपये, आण्णा.
हा आकडा कुठल्या पत्रकात घालू?

झुंजार खोडलं.
लढाऊ खोडलं.
कैवारीवर पेन्सिल टेकवून बसलोय,
आणि प्रेसवाल्याचा तिसऱ्यांदा फोन येतोय.