पोटातनं

कळ्याचं लग्न उरकून येत होतो.
छोट्या हत्तीत मागं सात माणसं, दोन ढोल, एक ताशा,
आणि खुळखुळं वाजवणारा गुंड्या, वय अकरा,
ढोलावर गाल टेकून झोपलेला.
स्टिअरिंगला मी.
नवरदेवाच्या मामानं वरातीत माझ्या ग्लासावर
तीनदा हात सैल सोडलेला.
तीन मोजले होते. चौथा मोजायचा राहिला.

शिवाजी पुलाच्या अलीकडं बॅटरी हलली,
तांबडी, सावकाश.
'बाजूला घ्या.'

मागनं भिवा कुजबुजला, नगरसेवकाचं नाव घे.
कुणीतरी म्हणालं, लायसनीत पाचशेची घडी ठेव.
कुणी खिडकीतनं वेलदोडे पुढं केले.
आख्ख्या सीझनमध्ये एवढ्या एका सुरात
माझी माणसं वाजली नव्हती.

इंजिन बंद केलं. काच खाली.
दोन्ही हात स्टिअरिंगवर, दिसतील असे.
कापत होते, तेही दिसलं असणार.

छातीवर पाटी : सु. ज. बेनाडे.
माझ्या थोरलीएवढी पोरगी.
प्लास्टिक फाडून तिनं नवी नळी मशीनला लावली,
मी कॉर्नेटला तोंड लावतो तशी, जराशी पिळून.
'फुंका. शिट्टी थांबेपर्यंत.'

आता फुंकणं म्हणशील बाई,
तर तीस वर्षं मी दुसरं काय केलंय?
म्हातारा पहाटे घाटावर उभा करायचा मला,
नदीकडं तोंड करून.
पलीकडच्या काठावरची म्हैस वळून बघेपर्यंत
सुट्टी नाही.
चुकलो की पाठीत गुद्दा. 'गालातनं नको रं. पोटातनं.'

पण गालाचीही एक विद्या असते,
ती त्यानं नाही, वरातींनी शिकवली.
नाकानं घ्यायचं, गालात ठेवायचं, तिथनंच सोडायचं.
छातीतलं छातीत राहतं.
सूर निघतो. पोकळ असतो,
नाचणाऱ्याला कळत नाही.

तीच चालवली.
मशीन किरकिरलं आणि गप्प झालं.
ती हसली नाही, चिडलीही नाही.
'पुन्हा,' म्हणाली. 'पोटातनं.'

पाठीत, बरोबर त्याच जागी, काहीतरी हललं.
आरशात गुंड्या दिसला,
तोंड उघडं, ढोलाच्या कातड्यावर लाळ.
त्याच्या आईला सांगून आणला होता,
रात्री दारात सोडतो म्हणून.

मग फुंकलं.
बेंबीच्या देठापासनं.
मामाचे चारही ग्लास, मांडवामागचा तांबडा रस्सा,
गेल्या लग्नातनं दारात येताना
फाटकाला घासलेला आरसा, जो मी दगडाच्या नावावर खपवला,
सगळं त्या नळीत गेलं.
ती हात करत होती, बास, बास,
तरी मी सूर धरून होतो.

त्र्याण्णव.
'तीसच्या वर चालत नाही,' ती म्हणाली,
पट्टी चुकली हे साजिंद्यानं सांगावं
तेवढ्याच आवाजात.
चावी दिली. लायसन दिलं. सही केली,
'ज' नेहमीसारखा आला नाही.
'काय वाजवता?'
'कॉर्नेट.'
'आमच्या दादाच्या लग्नात डीजे होता,'
म्हणाली आणि मागच्या स्कॉर्पिओला बॅटरी दाखवली.

मागच्या सातांत गाडी कुणालाच येत नव्हती.
पूल चालत धरला.
ढोल चौघांनी, ताशा भिवानं,
गुंड्या माझ्या खांद्यावर.
'नाव घेतलं असतंस तर...' भिवा म्हणाला,
आणि पुढचं ताशाच्या पट्ट्यात अडकलं.
ओठाला पितळेची सवय, वर प्लास्टिकची चव बसलेली.
उद्या उचगावला अकराचा मुहूर्त.

पुलाच्या मध्यावर गुंड्या जागा झाला.
'टेम्पो कुठाय?'
'पोलिसांकडं.'
'का?'

मी नाकानं श्वास घेतला.
गालातलं एक उत्तर तयार होतं.
खाली नदी, पलीकडं अंधार,
त्यात म्हैस असली तर असेल.